हक्कसोडपत्र

निवृत्तीनंतर कपाट आवरताना १९८४ची वही सापडली. पहिल्याच पानावर सरांची लाल शाई: ‘सीत सबैन! सबा सितैन नव्हे.’

मोडी कागदांत सुहूर सन, म्हणजे त्या काळची एक कालगणना, अरबी आकड्यांच्या नावांनी लिहीत. मी ‘सबा सितैन अलफ’ वाचलं, म्हणजे १०६७. त्यात ५९९ मिळवले की इ.स. १६६६. खरं होतं १०७६, म्हणजे १६७५. फरक नऊच वर्षांचा, पण मधे राज्याभिषेक होऊन गेलेला! त्या दिवसापासून साल दोनदा वाचायची सवय लागली ती लागलीच.

आई विचारायची, “काजीच्या दारात तुला एवढं काय सापडतं गं?” सापडायचं ते असं. वतनाचा तंटा, वादी-प्रतिवादी दोघंही हिंदू, आणि महजराच्या, म्हणजे सभेनं दिलेल्या निवाडापत्राच्या, माथ्यावर परगण्याच्या काजीचा फारसी शिक्का. काजी सरकारचा माणूस. पण खाली हाजिरमजालस, म्हणजे सभेला हजर असलेले, बघा: देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार. पाटलाच्या नावापाशी नांगर काढलेला, पेठेच्या शेट्याच्या नावापाशी तागडी. गोतापुढं, म्हणजे या सभेपुढं, साक्षीनं भागलं नाही तर दिव्य, उकळत्या तेलातुपातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा, हातानं काढायचा. शरियतच्या पोथ्यांत याला जागा नाही. तिकडे बुऱ्हाणपूरच्या शेख निजामांच्या देखरेखीखाली औरंगजेबासाठी इस्लामी कायद्याच्या हनफी परंपरेतल्या मतांचा संग्रह ‘फतावा-ए-आलमगिरी’ तयार होत होता, आणि इकडे काजी बसलेल्या सभेतही दिव्याचे ठराव होत होते. काजी अडाणी होते म्हणून नव्हे. गाव मानणार नाही असा निवाडा देऊन वसूल कुठून येणार?

माझी बहुतेक वर्षं मात्र एका शब्दानं खाल्ली: मिरास. अरबीत अर्थ वारसा. शरियतमध्ये मुलीला मुलाच्या निम्मा वाटा ठरलेला. आपल्याकडं शब्द आला, मिरासदार झाले, जमिनी पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. मी वाचलेल्या मिरासपत्रांत मुलीचा वाटा मात्र शब्दाबरोबर आलेला दिसला नाही. यावर मी भाषणं दिली, टाळ्याही घेतल्या.

गेल्या महिन्यात धाकट्या भावानं हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला. हक्क अरबी, सोड मराठी, पत्र संस्कृत, मसुदाही अरबीच. खाली फुलीनं खूण करून ठेवलीय, इथं सही. फोनवर म्हणाला, “ताई, सातबारावरची नोंद अडकलीय गं, तेवढं लवकर कर.”

मी तो दोनदा वाचलाय. अजून टेबलावरच आहे, महजराच्या झेरॉक्सखाली.