मागचं फाटक

नोव्हेंबर, पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांचे दिवस. काकांना सकाळी अकराची वेळ दिली होती, ते उगवले दीड वाजता. अँजिओप्लास्टीला तेव्हा दहा आठवडे झाले होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हृदयाचे पेशंट पुन्हा हिंडते-फिरते करणं हे माझं काम. मला काळजीच लागली होती.

"बँकेत ही गर्दी! मग म्हटलं, पेठेत आलोच आहे तर..."

कपाळावर घाम, पण चेहरा खुललेला. आधी बसवलं, नाडी आणि रक्तदाब पाहिला. सगळं ठीक होतं. मग नेहमीप्रमाणे मोबाइल मागितला. पावलं ७,४१२! त्याआधीचे सहा आठवडे आकडा दोन हजारांवर क्वचितच गेला होता. मी त्यांना एक वही दिली होती, तिच्यात 'चालणे' या रकान्यात ते रोज प्रामाणिकपणे शून्य लिहीत.

"एवढं कुठं चाललात?"

"चाललो कुठं? मनपाच्या स्टॉपवर बसमधून उतरलो, शनिवार पेठेत बँक, ओंकारेश्वरापाशी मित्राकडे डोकावलो, मंडईतून मेथी घेतली."

त्यांच्या लेखी हे चालणं नव्हतंच. चालणं म्हणजे बूट घालून, घड्याळ लावून करायचं ते, मी कागदावर लिहून दिलेलं. चाळीस वर्षं पुण्याच्या पेठेतल्या गल्ल्यांनी हा डोस त्यांना न सांगता दिला होता. वाडा पुनर्विकासाला गेला, काका-काकू मुलाकडे शहराबाहेरच्या सोसायटीत राहायला गेले आणि डोस बंद झाला.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. सोसायटीत जॉगिंग ट्रॅक आहे, पार्किंगभोवती. "घाण्याच्या बैलासारखं वाटतं हो," काका म्हणाले. मग त्यांनी मला मागच्या भिंतीपाशी नेलं. तिथे एक लहान लोखंडी फाटक होतं. कुलूप गंजलेलं, गजांवर वेल चढलेला. गजांतून पलीकडे दूध डेअरी, औषधाचं दुकान, भाजीवाली दिसत होती. हाक मारली तर तिने वळून पाहिलं असतं.

पण तिथे जायचं तर मुख्य फाटकातून, सर्व्हिस रोडने, पूर्ण भिंतीला वळसा. आम्ही दोघं ते अंतर चाललो. एकोणीस मिनिटं लागली. फुटपाथ जेमतेम चाळीस पावलं, मग विजेची डीपी, मग लावलेल्या दुचाक्या, पुढे झाकण नसलेलं गटार. दोनदा रस्त्यावर उतरावं लागलं, शेजारून डंपर जात होते. टेकायला एक कट्टा नाही. असल्या रस्त्यावर मी त्यांना रोज तीस मिनिटं चाला म्हणून सांगत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

कॉलेजात शिकलेलं आठवलं. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना मांडली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. ते काही व्यायाम करत नव्हते, तिकिटं फाडत होते.

मी लेटरहेडवर कमिटीला पत्र लिहिलं: फाटक उघडा. बैठकीलाही गेले. चोरीची भीती खोटी नव्हती, त्यावर बराच वेळ गेला. मी एवढंच सांगितलं की आठवड्याला किमान १५० मिनिटं चालावं, आणि ती एका दमात दहा मिनिटं तरी हवीत ही अट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली काढून टाकली आहे. दुधाला गेलेली पाच मिनिटंही धरायची. अर्जावर २३ सह्या होत्या, बहुतेक साठीपुढच्या बायकांच्या. घरकामाला येणाऱ्या मावशींना कुणी सही विचारली नव्हती. त्या मात्र हा वळसा दिवसातून दोनदा, त्याच डंपरांशेजारून घालत होत्या. ते मी बोलून दाखवलं.

सकाळी साडेसहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ, वॉचमन बसवून फाटक उघडायचं ठरलं.

जानेवारीअखेर काका तपासणीला आले. सहा मिनिटांच्या चाचणीत आधी ३४० मीटर चालले होते, आता ४१५. मोबाइलवर आदल्या दिवसाची पावलं ५,२००. वही उघडली. 'चालणे' या रकान्यात अजूनही शून्य, आणि शेजारी बारीक अक्षरात: दूध दोनदा, मेथी, काकूचं औषध.

मी लाल पेनने शून्य खोडलं.