तुम्ही विचारलंत म्हणून: मुलुंडहून 'मुंबईला'

"मुलुंड म्हणजे मुंबईच ना? मग 'मुंबईला जाऊन येतो' कसं म्हणता?" पुण्याचे व्याही, नागपूरचे मित्र, सगळ्यांचं विचारून झालंय. हसण्यावारी नेऊन दमलो.

कागदावर तुमचंच बरोबर. ठाण्याला लागून असलं तरी मुलुंड १९५७ पासून मुंबई महापालिकेत आहे. पिनकोड ४०००८०. कॉलेजात फोर्टातली मुलं "म्हणजे ठाणंच की!" म्हणून खिजवायची, तेव्हा हेच पाढे मी तावातावाने म्हणायचो. पुढे १९९०मध्ये आमचा जिल्हाच वेगळा झाला, मुंबई उपनगर, कलेक्टर वांद्र्याला. २०११च्या जनगणनेत शहर जिल्ह्यात ३१ लाखांच्या आसपास माणसं, आमच्याकडे ९३ लाखांवर. तिप्पट असून आम्ही 'उप'!

"मुंबईला जातो" हे मूळचं बाबांचं. परळच्या गिरणीत होते, डबा उचलताना रोज म्हणायचे. रिटायर झाल्यावर एका पावसाळी रात्री त्यांना धाप लागली. ॲम्ब्युलन्स मिळेना, म्हणून नाक्यावरच्या रिक्षावाल्याला उठवलं. सायनला येऊन तो थांबला. पुढे शहर, रिक्षाला बंदी. तिथेच सायन हॉस्पिटलला का नेलं नाही, असंही विचाराल. त्यांचे डॉक्टर, फाइल, सगळं परळला होतं. मी दुप्पट पैसे देतो म्हटलं, हात जोडले. "परमिट जाईल, साहेब." बाबांना उतरवून दुभाजकाच्या कठड्याला टेकवलं, वर छत्री धरली. दोन टॅक्सीवाले त्यांची अवस्था बघून न थांबता निघून गेले. एक्स-रे भिजू नये म्हणून बाबांनी पिशवी शर्टाच्या आत धरली होती. मध्येच म्हणाले, "आली का मुंबई?" थट्टा होती की भ्रम, मला आजवर कळलेलं नाही. त्या खेपेला ते सुखरूप घरी आले, पण विचारायचं राहूनच गेलं.

रिक्षावाल्यावर राग नाही. त्याचं पोट त्या परमिटवर. पण तेव्हापासून मुंबई कुठे सुरू होते ते मला पिनकोडवरून सांगू नका.

म्हणजे रिक्षा थांबते तिथून मुंबई? तेही पटत नाही. त्या हिशेबाने वांद्रे-जुहूचे बंगलेवालेही उपनगरीच. त्यांना कुणी विचारतं का असं? आणि मुंबईबाहेर गेलो की मीही बिनदिक्कत "मुंबईचा" म्हणून मोकळा होतो. बायको डोंबिवलीची. तिच्या माहेरी अजून "पोरगी मुंबईत दिली" असं कौतुकाने सांगतात. तिथे मी चहा पितो आणि गप्प बसतो.