तासाभराची झोप
रात्रभर गोठ्यात होतो. पहिलारू गाय, दिवस 280 च्या पुढे गेलेले, कास तटतटलेली, शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे खड्डे. गेल्या वर्षी तिच्या आईचीही हीच लक्षणं होती. पहाटेपर्यंत काही होत नाही म्हणत मी तासभर पडलो. उठलो तेव्हा वासरू बाहेर होतं. पूर्ण वाढलेलं, अंगावर साधा ओरखडा नाही, फक्त नाकातोंडावर पातळ पडदा तसाच, त्यानेच गुदमरून गेलेलं. दोन बोटांचं काम होतं. गाय अजून चाटतच होती.

यंदा डोळा लागू दिला नाही. अडीचला पाणमोट फुटली. मग पुढचे दोन खूर, त्यावर टेकलेलं नाक. वासरू सरळ आहे बघून हायसं वाटलं. ओढायचा मोह झाला, पण हात मागे बांधून उभा राहिलो (दोन तासांत काहीच पुढे सरकलं नाही तर डॉक्टरांना फोन, हे ठरलेलं). पाऊण तासात कालवड झाली. श्वास काही घेईना! नाकातला चिकटा पुसला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, आणि एकदम शिंकली.

नाळेला आयोडीन, तासाभरात चीक. चिकातली प्रतिकारशक्ती पहिल्या काही तासांतच आतड्यातून रक्तात नीट उतरते, त्यामुळे वार (वासरामागून बाहेर येणारं गर्भवेष्टण) पडेपर्यंत चीक न पाजणं मला कधीच पटलं नाही.

वार साडेसातला पडली. आता झोपतो. फोन उचलला नाही तर रागावू नका.