पाण्यातला वाफसा

एप्रिलात सोलापूरच्या गच्चीवर दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. त्याच गच्चीवर, हिरव्या शेडनेटखाली मी मातीशिवाय पालक लावते. ६० लिटरचा टब, वर थर्माकोलची शीट, भोकांत जाळीचे कप, कपात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि रोप. मुळं खाली खतपाण्यात.

महिन्यापूर्वी एका दुपारी सगळ्या पालकानं माना टाकल्या. ईसी, म्हणजे पाण्यात खत किती विरघळलंय त्याचं माप, पाहिला, १.६. पीएच ६ च्या आसपास. खत बरोबर, पाणी काठोकाठ, तरी पानं तहानलेली.

नेमके त्या दिवशी अण्णा मोहोळहून आले होते. त्यांचा जन्म द्राक्षबागेत गेला. पानांकडे न बघता म्हणाले, "वरचं झाकण उचल बघू." मुळं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं तर साल हातात आली, आत दोऱ्यासारखी तार तेवढी उरली. वासही कुजका.

"पांढरी मुळी राहिलीच नाही की गं. पाण्यात वाफसा कुठनं आणतीस?"

वाफसा म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेतात असणं. मी एअर पंपाकडे बोट दाखवलं, बुडबुडे येत होते. मग थर्मामीटर बुडवला. ३२ अंश! २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. उलट तापलेल्या मुळाला प्राणवायू जास्त लागतो, आणि मूळकुज करणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या जिवाला असलं कोमट पाणी मानवतं. गुदमरलेलं मूळ पाणी ओढेनासं होतं. रानात पाणी साचल्यावर पीक पिवळं पडतं, तेच इथे झालं होतं. वाफसा मोडला होता.

सगळी रोपं उपटून टाकली. जिवावर आलं, पण कुजकं मूळ ठेवून नवं रोप लावण्यात अर्थ नव्हता. टब ब्लीचिंग पावडरनं धुतला, दोन-तीनदा खळबळून घेतला. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं. पंपाच्या नळीला बुडबुडे सोडणारा आणखी एक हवेचा दगड सोडला. अण्णांच्या सांगण्यावरून पाणी शीटपासून दोन बोटं खाली ठेवलं, म्हणजे वरची मुळं हवेत राहतात. दुपारी गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या टबात सोडते. आता पाणी २६ च्या वर जात नाही.

नवी रोपं अकरा दिवसांची झालीत. सकाळी पानांआधी शीटचा कोपरा उचलते. आज मुळी बोटभर लांब दिसली, दुधासारखी पांढरी, बारीक लव असलेली. फोटो काढून अण्णांना पाठवलाय.