खांबाच्या आत वीट

मामाच्या बंगल्याला पोर्चमधे दोन जाडजूड गोल खांब आहेत, वर त्रिकोण, एकदम राजवाड्याचा थाट, आणि एका पावसाळ्यात त्यातल्या एका खांबाचं प्लास्टर भसकन खाली आलं तर आत चक्क विटा! मामाने कॉन्ट्रॅक्टरला फोनवर जाम झापलं. मीपण हसलो होतो.

मग गेल्या वर्षी इटलीत व्हेनिसहून ट्रेनने व्हिचेन्झाला गेलो. तिथल्या मोठ्या चौकात पॅलाडिओ नावाच्या आर्किटेक्टची १५७१ ची एक इमारत आहे, दोन मजले उंच खांब, जवळ जाऊन बघतो तर काय, लाल विटा, गोलाईत रचलेल्या, उघड्या. बराच वेळ तसाच उभा राहिलो.

हा पॅलाडिओ म्हणजे मुळात पाथरवट, पाडुआत १५०८ चा जन्म. व्हेनिसचे पैसेवाले तेव्हा शेतीत पैसा घालत होते, त्यांना शेतावर घर पाहिजे, रुबाब पाहिजे, पण सगळं दगडात करायचा खर्च नको. याने विटा रचून वर गिलावा दिला आणि पुढे देवळाचं तोंड चिकटवलं. माळ्यावर धान्य, बाजूच्या लांब पडव्यांत अवजारं, आणि दर्शनी बाजूला रोमन देऊळ! त्याचा हिशोब असा की देवळाचा आकार मुळात घरावरूनच आला असणार, म्हणजे जुन्या रोमन घरांनाही पुढे खांब आणि त्रिकोण असणारच. नव्हते. अंदाज साफ चुकला होता, पण दिसायला इतका भारी चुकला की कोणी तक्रारच केली नाही. गावाबाहेरच्या त्याच्या रोटोंडा नावाच्या बंगल्याला तर चारही बाजूंनी सेम पोर्च, पाहुण्याने बेल कुठे वाजवायची कळू नये.

१५७० मधे त्याने नकाशे आणि मापांसकट पुस्तक छापलं आणि मग काय, इंग्लंडवाले त्याच्या मागे वेडे, अमेरिकेत म्हणे जेफरसनने (पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच) राष्ट्राध्यक्षांच्या घराच्या स्पर्धेत रोटोंडाचीच नक्कल पाठवली, तीही नाव न टाकता (हरला बिचारा). कलकत्त्याचं राजभवन (२०२५ पासून लोकभवन) एका इंग्रजी हवेलीवरून केलेलं, आणि ती हवेली पॅलाडिओच्या कागदावरच राहिलेल्या एका प्लॅनवरून. कॉपीची कॉपी. मामाच्या पोर्चपर्यंत हे कितव्या हाताने आलं देव जाणे.

विटांचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली सगळी हकीकत लिहिली. मामीचा लगेच रिप्लाय आला, ‘कॉन्ट्रॅक्टरला दाखवू नकोस हां.’