ढिगाऱ्याखालचे ठोके

भूकंपानंतर रस्ते आणि फोन बंद पडलेले असताना मदत नेमकी कुठे पाठवायची, हा पहिला प्रश्न असतो. रडार उपग्रह ढगांतून आणि रात्रीच्या अंधारातही जमिनीची प्रतिमा घेतात. ती आधीच्या प्रतिमेशी ताडून पाहिली की कोणत्या वस्त्या कोसळल्या असाव्यात, याचा अंदाज बांधता येतो. मात्र छत शाबूत राहून खालचा मजला चिरडला गेला, तर वरून ते सहसा कळत नाही. तिथे जमिनीवरचीच साधने हवीत. २०१५च्या नेपाळ भूकंपात चौतारा येथे नासाच्या ‘फाइंडर’ या रडारने ढिगाऱ्याखालच्या चार माणसांच्या हृदयाचे ठोके टिपले आणि चौघेही जिवंत बाहेर आले. मला सलते ती दिरंगाई: उपग्रह त्या भागावर पुन्हा येईपर्यंत कधी दिवस उलटतात, आणि अडकलेल्यांच्या हाती तेवढा वेळ नसतो.