७० की ७५? वजनगट ठरवताना

"वजन किती?" सरांनी विचारलं.
"८४."
"ते आजचं. स्टेजवरचं सांग."

शरीरसौष्ठव स्पर्धेचा वजनगट समजून घ्यायची माझी सुरुवात या तीन वाक्यांपासून झाली. ऑफ-सीझनमध्ये, म्हणजे स्पर्धा नसतानाच्या काळात, काटा काय दाखवतो याला गट ठरवताना जवळपास काहीच किंमत नसते. चरबी उतरल्यावर, पोटाच्या आणि मांडीच्या रेषा दिसायला लागल्यावर जे वजन उरतं, ते खरं.

मग आम्ही गणित मांडलं. ८४ किलोत चरबी १७ टक्के धरली तर ती झाली सव्वाचौदा किलोच्या आसपास. उरले ६९.७. स्टेजवर चरबी ६ टक्के राहील असं धरलं तर ६९.७ भागिले ०.९४, म्हणजे साधारण ७४. मी खूश. पंच्याहत्तरचा गट (७० च्या वर, ७५ पर्यंत) जणू माझ्या मापानेच बेतला होता. सरांनी कागद ओढून घेतला आणि थेट दोन-तीन किलो कापले. कारणं दोन. कातडीची घडी चिमट्यात धरून मोजलेली चरबी बहुतेक वेळा खरीपेक्षा कमी भरते. आणि 'चरबी सोडून उरलेलं' म्हणजे निव्वळ स्नायू नव्हेत. त्यात पाणी आणि ग्लायकोजेनही (स्नायूत साठवलेली साखर) आलं, आणि डाएटमध्ये ते आधी घटतं. थोडा स्नायूही जातो, कितीही जपलं तरी. म्हणजे मी ७१-७२ ला येणार. दोन गटांच्या बरोब्बर मधे, सगळ्यात अडचणीच्या जागी.

गटांची रचना तशी सोपी आहे. आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघाच्या नियमांत पुरुषांच्या खुल्या गटाच्या प्रचलित मर्यादा ६५ पासून पाच-पाच किलोंनी चढत १०० पर्यंत जातात आणि त्यावर वरची मर्यादा नसलेला अतिवजनी गट. स्पर्धा लहान असेल तर आयोजक काही गट एकत्र करतात, म्हणून त्या स्पर्धेचं नियमपत्रक आधी वाचायचं, दुसऱ्या स्पर्धेतल्या मित्राचं ऐकायचं नाही. अमेरिकेतल्या एनपीसी या हौशी स्पर्धांच्या संघटनेत हेच पौंडांत असतं आणि बऱ्याच स्पर्धांत पायऱ्या मोठ्या असतात: ७० किलोनंतर थेट ८०, मग ९०. तिथे माझ्यासारख्याला दहा किलोंच्या पट्ट्यात सगळ्यात खाली उभं राहावं लागलं असतं.

वजनगट म्हणजे सगळ्यांना समान संधी, असं वाटतं खरं. पण काटा उंची बघत नाही. माझी उंची १६८ सेंटिमीटर. त्याच वजनाचा १७८ सेंटिमीटरचा मुलगा शेजारी उभा राहिला तर तो बारीक दिसणार आणि मी भरलेला, कारण तेवढेच किलो त्याच्या जास्त लांब हाडांवर पसरलेत. म्हणूनच मेन्स फिजिक या वेगळ्या, कमी भरदार शरीरांच्या प्रकारात गट उंचीवर पाडतात. क्लासिक प्रकारात तर दोन्ही येतं: सेंटिमीटरमधल्या उंचीतून १०० वजा करायचे, त्या उंचीगटाची ठरलेली सूट मिळवायची, ती वजनाची कमाल मर्यादा. उंच आणि सडपातळ बांध्याच्या माणसाने आधी या प्रकारांकडे बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जिममध्ये मात्र 'खरं बॉडीबिल्डिंग' म्हणून त्याला खुल्या गटात ढकलणारेच जास्त भेटतात.

स्पर्धा तोंडावर आली तेव्हा सकाळचं वजन ७१.३ होतं. आता सल्ल्यांचा पाऊस. सगळ्यांचं म्हणणं एकच: "सव्वा किलो तर आहे, पाणी तोड, सत्तरला जा, तिथे तूच मोठा दिसशील."

सव्वा किलो पाणी घालवणं शक्य असतं, प्रश्न ते कुठून जातं हा आहे. स्नायूत तीन-चतुर्थांश पाणीच असतं. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पाणी तोडलं की ते फक्त कातडीखालून जात नाही, स्नायूही रिकामा होतो, माणूस फ्लॅट, म्हणजे चपटा दिसतो आणि स्टेजमागे रबरी बँड कितीही ओढले तरी पंप चढत नाही, म्हणजे स्नायू फुगत नाहीत. आणि गोळ्या घेऊन पाणी काढणं हा तर सरळ जिवाशी खेळ. मोहम्मद बेनाझिझा हा कमी वजनाच्या पण जबरदस्त कंडिशनच्या, म्हणजे चरबी उतरून रेषा स्पष्ट दिसणाऱ्या, स्पर्धकांपैकी एक. १९९२ मध्ये स्पर्धेनंतर काही तासांतच त्याचा मृत्यू झाला आणि त्यात डाययुरेटिक्सचं, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणाऱ्या औषधांचं, नाव आलं. हे सरांनी सांगितलं आणि विषय संपला. फॉर्मवर ७५ लिहिलं.

वजनाचा कार्यक्रम आदल्या दिवशी होता. रांगेत सगळे अनवाणी, फक्त पोझिंग ट्रंकवर, काही जण ओठ चाटत उभे. माझ्यापुढचा काट्यावर चढला: ७०.४. पंचांनी वर बघितलं, तो खाली उतरला, खोल श्वास सोडून पुन्हा चढला. ७०.४. श्वासाने काय होणार? अशा वेळी थोडा वेळ देतात, आयएफबीबीच्या नियमात अर्धा तास. तेवढ्यात वजन उतरलं नाही तर वरचा गट. तो टॉवेल घेऊन घाम काढायला जिन्याकडे पळाला. मी ७१.६ भरलो. रात्री पोटभर जेवून झोपलो. काट्याची भीती नसणं ही त्या गटाने दिलेली सगळ्यात मोठी सोय.

दुसऱ्या दिवशी ओळीत उभा राहिलो तेव्हा शेजारचे ७४-७५ चे होते आणि ते दिसत होतं. समोरून डबल बायसेप्समध्ये, म्हणजे दोन्ही दंड फुगवायच्या पोझमध्ये, मी टिकलो. पाठ फिरवल्यावर, लॅट स्प्रेडला (पाठ रुंद पसरून दाखवायची पोझ), तीन किलोंचा फरक झाकता येईना. मात्र पोट-मांडीच्या पोझला पंचांनी मला मधे बोलावलं, कारण कंडिशन चोख होती. पंच किलो मोजत नाहीत. आकारमान, प्रमाणबद्धता आणि रेषा, तिन्ही एकत्र बघतात. मी चौथा आलो. जिन्याकडे पळालेला मुलगा शेवटी सत्तरमध्ये बसला आणि गटात पहिला आला. सकाळपर्यंत त्याचे स्नायू पुन्हा भरले होते. म्हणजे माझं गणितच बरोबर होतं असा दावा करायची सोय नाही. त्याचं शरीर पाणी परत घेतं, माझं घेईल का हे मला ठाऊक नव्हतं आणि पहिल्याच स्पर्धेत ते तपासायची माझी तयारी नव्हती.

शेवटी सगळ्या गटांचे विजेते एकंदर किताबासाठी एकत्र आले. तिथे वजनाची भिंत नसते, आणि प्रेक्षक आपोआप सगळ्यात धिप्पाड माणसाकडे बघतात. पण १९७४ ते १९७९ मध्ये मिस्टर ऑलिम्पियात, म्हणजे व्यावसायिक शरीरसौष्ठवातल्या सर्वोच्च स्पर्धेत, २०० पौंडांच्या (साधारण ९१ किलो) वर आणि खाली असे दोन गट होते, तेव्हा १९७६ ला फ्रँको कोलंबू आणि पुढची तीन वर्षं फ्रँक झेन, असे खालच्या गटातलेच एकंदर विजेते ठरले. आमच्याकडे त्या संध्याकाळी ६५ च्या गटातल्या मुलाने ९० च्या विजेत्याला मागे टाकलं. तो पाठमोरा वळला तेव्हा कमरेपासून मांडीपर्यंत एक जागा पुसट नव्हती.

पुढच्या स्पर्धेलाही मी ७५ च भरणार आहे. फक्त त्याआधी पाठीवर दोन किलो चढवायचे आहेत.